उघडलेल्या छत्रीखाली

सज्जनहो, मराठीत ‘पडणे’ हा शब्द बहुतेक वेळा वाईट बातमी घेऊन येतो. भाव पडतो, भिंत पडते, माणूस आजारी पडतो, तोंडघशी पडतो. चांगल्या अर्थाने पडतो तो एक पाऊस, आणि दुसरा वारकरी. तो समोरच्याच्या पाया पडतो. या दोघांच्या जोडीला पडण्यात आनंद मानणारा एक तिसरा आमच्याच घरात निघाला.

तो माझ्या आक्काचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा नातू. वय चौतीस. शिक्षणाने इंजिनियर. राहतो अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहरात. आठवड्याचे पाच दिवस संगणकापुढे बसून चाकरी करतो आणि सुटीच्या दिवशी गाडी काढून वाळवंटातल्या इलॉय नावाच्या गावी जातो. तिथे विमानातून उड्या मारण्याचे मोठे ठिकाण आहे. या खेळाला स्कायडायव्हिंग म्हणतात. सैनिक हुकूम असतो म्हणून उडी मारतो. हा पदरचे पैसे मोडून मारतो. आजवर त्याच्या तीनशेच्या वर उड्या झाल्या आहेत.

हे वेड परमुलखातलेच आहे असे मात्र समजू नये. आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर आणि २००६ साली दक्षिण ध्रुवावर छत्री घेऊन आकाशातून उडी घेतली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली थायलंडमध्ये तर त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली. डोक्यावर तुळस घेऊन दिंडीत चालणाऱ्या आयाबहिणींना नऊवारीचा काष्टा किती भरवशाचा असतो, हे मी वेगळे सांगायला नको.

पण दुसऱ्याची लेक उडी मारते तेव्हा कौतुक वाटते आणि आपला नातू मारतो तेव्हा झोप उडते. गेल्या कार्तिकात तो महिनाभर गावी आला होता. आक्काने मला एकट्याला गाठले आणि म्हणाली, “नाना, तू जन्मभर कीर्तनं केलीस. तुझ्या बोलण्यानं लोकांच्या हातातले दारूचे पेले सुटले, गळ्यात माळा आल्या. एवढी याची उडी सोडव. चार वर्षांची पोर आहे रे त्याला.”

उपदेश करण्याआधी समोरच्याचे ऐकून घ्यावे, ही आमच्या गुरुवर्यांची शिकवण. अर्जुनाचे सगळे गाऱ्हाणे ऐकल्यावरच भगवंतांनी गीता सांगायला घेतली. म्हणून रोज संध्याकाळी हरिपाठ झाला की मी त्याला ओट्यावर शेजारी बसवू लागलो. मी विचारायचे, त्याने सांगायचे. आता कीर्तनाला उभे राहणे गुडघ्यांनी बंद केले आहे, पण कान शाबूत आहेत. त्या ऐकण्यातले काही आपल्यापुढे ठेवतो.

विमान सुमारे १३,००० फुटांवर, म्हणजे चार किलोमीटर उंच जाते. दार उघडतात आणि एकेक जण बाहेर पडतो. पहिली दहा-बारा सेकंदे वेग वाढत जातो. ताशी सुमारे १९० किलोमीटरला पोचला की तो वाढायचा थांबतो, कारण देहाचे वजन आणि खालून येणारा हवेचा रेटा यांची तिथे बरोबरी होते. असे पाऊण मिनिट, फार तर मिनिटभर पडत राहायचे. मग ५,००० फुटांच्या आसपास छत्री उघडायची आणि चार-सहा मिनिटे तरंगत खाली यायचे.

“पोटात गोळा येत असेल,” मी म्हटले.

“नाही येत, आजोबा. जत्रेतल्या पाळण्यात येतो तसा नाही येत. विमान वेगात असतं, आपणही त्याच वेगात बाहेर पडतो. थोड्या वेळानं तर पडतोय असं वाटतच नाही. हवेच्या गादीवर पालथं झोपल्यासारखं वाटतं.”

“आणि जमीन?”

“जमीन जागची हलत नाही. तेच तर अवघड आहे.”

इतक्या उंचीवरून जमीन जवळ येते आहे हे डोळ्यांना कळतच नाही. चित्रासारखी ती खाली पसरलेली दिसते. अगदी शेवटी ती एकाएकी मोठी होत अंगावर धावून येते, पण तेव्हा हात हलवायलाही वेळ उरलेला नसतो. ज्या उंचीवर छत्री उघडायची, तिथून जमीन अर्ध्या मिनिटाच्याही आत गाठते. म्हणून प्रत्येकाच्या मनगटावर उंची दाखवणारे घड्याळ असते. “डोळ्यांना काय वाटतं ते विचारायचं नाही,” तो म्हणाला, “काटा काय सांगतो ते पाहायचं. छान वाटतंय म्हणून अजून जरा थांबू, असं मनात आलं की समजायचं, चुकायला लागलो.”

हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. सज्जनहो, आपलेही असेच नाही का? पन्नाशीपर्यंत काळ जागचा हलत नाही. घर आहे, शेत आहे, पोरे मोठी होत आहेत, चित्र स्थिर आहे. पडतो आहोत असे वाटतच नाही, उलट गादीवर पहुडल्यासारखे वाटते. आपल्या पूर्वजांनी म्हणूनच मनगटाला काही काटे बांधून दिले. पंधरा दिवसांनी एकादशी येते. वर्षाने आषाढी येते. वारीला निघाले की कळते: गेल्या साली दिवेघाट एका दमात चढलो होतो, यंदा तीन ठिकाणी टेकलो. डोळ्यांना न दिसलेली जमीन तिथे दिसते. पंचांगाकडे नुसते उपासाच्या फराळासाठी पाहू नये. त्यात आपली उंची लिहिलेली असते.

मला वाटत होते की हा खेळ धाडसाचा. त्याने सांगितलेल्या गोष्टींत धाडस चिमूटभर आणि नेम पायलीभर निघाला. उडी मिनिटाची, पण खाली उतरल्यावर ती छत्री पुन्हा घडी करून पाठपिशवीत भरायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, नवख्याला त्याहून जास्त. दोऱ्या एकेक करून सरळ करायच्या, कापड ठरलेल्या क्रमानेच दुमडायचे, हवा काढायची. भर उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली गुडघ्यांवर बसून घामाघूम होत हे करायचे. पैसे देऊन दुसऱ्याकडूनही करून घेता येते. हा मात्र स्वतः करतो. “तीनशे वेळा तीच घडी. एकदाही वाटत नाही का की चालेल इतकंच?” मी विचारले. तो हसला. “रोज वाटतं, आजोबा. म्हणूनच क्रम ठरवून ठेवलाय. वाटण्यावर सोडलेलं नाही.”

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो, तेव्हा भगवंत दोनच उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य. या दोन शब्दांवर मी किती रात्री निरूपण केले असेल! आमच्या या पोराला अध्याय माहीत नाही, श्लोक पाठ नाही, पण अभ्यासाचा अर्थ त्याच्या बोटांना कळला आहे. गोडी लागेल तेव्हा हरिपाठ म्हणू, असे म्हणणाऱ्याचा हरिपाठ कधी होत नाही. क्रम आधी लागतो; गोडी मागून येते आणि पुष्कळदा येतही नाही. तरी घडी नीट पडली पाहिजे.

त्या छत्रीत कापडाचा एक चौकोनी तुकडा असतो. दोऱ्या त्याच्या कोपऱ्यांतल्या कड्यांतून ओवलेल्या असतात. त्याचे काम एवढेच, की छत्री एकदम उघडू नये, हळूहळू उघडावी. इतक्या वेगात ती फटकन उघडली तर वाचवणारी छत्रीच देहाला जबर हिसका देईल. मला हे फार आवडले. माळ घातली आणि दुसऱ्या दिवसापासून शांती का लाभत नाही, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आता मी या चौकोनी तुकड्याची गोष्ट सांगतो.

आणखी एक रीत ऐका. विमान वर जात असताना प्रत्येक जण दुसऱ्याची पाठ तपासतो. छत्रीची पिशवी बंद ठेवणारी पीन पाठीवर असते. ती जागेवर आहे की नाही हे स्वतःला दिसत नाही. पाच हजार उड्या मारलेला मनुष्यही पंचवीस उड्यावाल्यापुढे पाठ करून बसतो आणि म्हणतो, बघ रे बाबा. आपल्यात वृद्ध वारकरी पोरसवदा वारकऱ्याच्या पाया पडतो, त्याचे बाहेरच्यांना नवल वाटते. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून संतसंग सांगितला आहे. आपण मात्र दुसऱ्याची पाठ पाहतो ती पीन तपासण्यासाठी नव्हे, तर मागून बोलण्यासाठी.

प्रत्येकाच्या पाठीवर छत्र्या दोन असतात. पहिली उघडली नाही तर ती सोडून द्यायची आणि दुसरी उघडायची. ही दुसरी छत्री परवाना असलेल्या जाणकारानेच घडी करावी, आणि वापरली नसली तरी दर १८० दिवसांनी उघडून पुन्हा तपासून भरावी, असा अमेरिकेत कायदा आहे. शिवाय एक छोटे यंत्र असते. उडी मारणाऱ्याची शुद्ध हरपली आणि तो साधारण ७५० फुटांपर्यंत त्याच वेगाने पडत राहिला, तर ते यंत्र आपोआप दुसरी छत्री उघडते.

हे ऐकून मला अजामिळाची कथा आठवली. भागवताच्या सहाव्या स्कंधात ती आहे. मरणसमयी पुत्राला ‘नारायण’ म्हणून हाक मारली आणि विष्णुदूत धावून आले. कीर्तनात ही कथा लावली की मागे बसलेला एखादा मनात म्हणतोच, मग घाई कशाला, शेवटी एक हाक मारू. मी नातवाला विचारले, “यंत्र आहेच, तर मग निश्चिंत राहायला काय हरकत आहे?” तो गंभीर झाला. म्हणाला, “यंत्र माझ्यासाठी आहे, मी यंत्राच्या भरवशावर नाही. यंत्र आहे म्हणून जो उडी मारतो, त्याच्या बरोबर जाणती माणसं उडी मारायला तयार होत नाहीत.” कथेतला पुढचा भाग आपण विसरतो. अजामिळ त्या दिवशी मेला नाही. वाचल्यावर तो घरदार सोडून गंगाद्वाराला गेला आणि साधनेला बसला. कृपेने वाचलेल्याने पुढे काय केले, हे त्या कथेत मुद्दाम सांगितले आहे.

आता मला ज्या गोष्टीसाठी लेखणी उचलावीशी वाटली, तिच्याकडे येतो.

एका संध्याकाळी मी त्याला विचारले, “यात माणसं दगावतात ती कशानं? छत्री उघडत नाही म्हणून?”

“तसंही होतं. पण तसं फार थोड्यांचं होतं. आजोबा, हल्ली बरेच जण मरतात ते चांगली उघडलेली छत्री डोक्यावर असताना.”

मला वाटले, ऐकण्यात काही चुकले. त्याने उलगडून सांगितले. जुन्या काळच्या गोल छत्र्या वारा नेईल तिकडे जात. आताच्या छत्र्या पंखासारख्या असतात. त्या वळवता येतात, पळवता येतात. माणूस सराईत झाला की लहान, चपळ छत्री घेतो. मग जमिनीजवळ आल्यावर जोरात वळण घेऊन वेग वाढवायचा आणि जमिनीला घासून सुसाट जायचे, हा त्यांच्यातला मोठा रुबाब. पाहणारे टाळ्या वाजवतात. त्या वळणात पाच-दहा फुटांचा अंदाज चुकला की संपले. आकाशातली सगळी संकटे पार केली, छत्री उघडली, आता काय राहिले, असे ज्या क्षणी वाटते, तोच घाताचा क्षण. आणि यात नवखे कमी, जाणते पुष्कळ.

सज्जनहो, मी चाळीसहून अधिक वर्षे कीर्तनसेवा केली. या काळात मी माणसे पडताना पाहिली. गरिबीत, उपेक्षेत, टाळकरी मिळत नव्हते अशा दिवसांत कोणी पडला नाही. तेव्हा सगळे काट्याकडे पाहून चालत होते. पडले ते नाव झाल्यावर. पंचक्रोशीतून बोलावणी येऊ लागली, फेटे बांधले जाऊ लागले, लोक पायांवर डोके ठेवू लागले, छत्री उघडली. आणि मग जमिनीजवळ येऊन वळणे घेण्याचा मोह सुरू झाला. सप्ताहाच्या बिदागीवरून भांडण, दुसऱ्या बुवाची नक्कल करून हशा मिळवणे, विठोबा बाजूला राहून स्वतःच्याच गोष्टी. कृपा नव्हती म्हणून ते पडले नाहीत. कृपा होती, डोक्यावर पूर्ण उघडलेली होती. तिच्याखाली राहून वेग वाढवण्याची हौस त्यांना नडली. कीर्तनकाराचेच कशाला सांगू? कर्ज फिटेपर्यंत जपून राहणारा शेतकरी हातात पैसा आल्यावर भावावर कोर्टात जातो. आजारपणात देवाला स्मरणारा बरा झाल्यावर कोणालाच स्मरत नाही. संकटातून वाचण्याचे शास्त्र आपण शिकतो. वाचल्यानंतर कसे राहावे हे मात्र शिकायचे राहून जाते.

उतरण्याची रीतही त्याने सांगितली. उतरताना तोंड वाऱ्याकडे करायचे. वारा पाठीशी घेतला तर त्याचा वेग आपल्या वेगात मिसळतो आणि माणूस आपटतो. समोरून येणारा वारा वेग कमी करतो आणि अलगद टेकवतो. आपण जन्मभर देवाकडे मागतो, वारा पाठीशी असू दे. टेकायच्या वेळी समोरचा वारा हवा असतो. घरात आपल्याला उलट बोलणारे एखादे माणूस असते, बहुतेक वेळा ते सूनच असते. ते आपला वेग कमी करण्यासाठी देवाने ठेवलेले आहे, असे समजून पाहावे.

वाऱ्याचे आणखी एक. वारा फार असला की त्या दिवशी उड्या बंद. शंभर किलोमीटर गाडी चालवत गेलेली माणसे दिवसभर बाकावर बसून संध्याकाळी परत येतात. विमानात चढल्यावर मन घेत नसेल तर विमानातूनच खाली यायची मुभा असते, आणि तसे येणाऱ्याला कोणी हसत नाही. हा स्वतः दोनदा तसा खाली आला आहे. एकदा रात्री झोप झाली नव्हती म्हणून, एकदा सकाळी बायकोशी कडाक्याचे भांडण झाले होते म्हणून. “डोक्यात भांडण घेऊन दारात उभं राहायचं नाही,” तो म्हणाला. मी म्हटले, डोक्यात भांडण घेऊन आपण मात्र खुशाल देवळाच्या गाभाऱ्यात उभे राहतो.

“या सगळ्यानं तुझा संसार सुधारला का?” मी एकदा सरळच विचारले. मला वाटले, आता हा मोठेपणा सांगेल. तो म्हणाला, “सोमवार तसाच असतो, आजोबा. साहेब तोच, कामं तीच. आकाशात भीती आवरणारा मी, साहेबाला नाही म्हणताना चाचरतो. उडीनं काही दिलं नाही. घडी घालण्यानं थोडं दिलं. पोरीला झोपवताना आता घाई करत नाही, एवढं खरं.”

माउलींच्या पालखीच्या वाटेवर वेळापूरजवळ धावा होतो. वारकरी नामाचा गजर करत उतारावरून धावत सुटतात. काय आनंद असतो तो! पण धावा काही क्षणांचा, आणि वाट अठरा-वीस दिवसांची. चिखलाची, फोडांची, रांगेत उभे राहून पाणी भरण्याची. धाव्यापुरताच येणाऱ्याला वारकरी म्हणत नाहीत. नातवाला त्याच्या धाव्यातून चालण्याची किंमत कळली असेल, तर ती उडी अगदीच वाया गेली असे मी म्हणणार नाही.

तरी आक्काचा प्रश्न उरतोच. नरदेह दुर्लभ आहे, असे सगळे संत सांगतात. तो मौजेसाठी पणाला लावावा का? हाच प्रश्न मी त्याला शेवटच्या संध्याकाळी विचारला, गोड न करता. “पोरीचं काय?” त्याने लगेच उत्तर दिले नाही. मग म्हणाला, “याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. रस्त्यावरही माणसं मरतात, असं लोक म्हणतात. पण रस्ता गरजेचा आहे, उडी नाही. मोठी छत्री वापरतो, जमिनीजवळ वळण घेत नाही, वर्षाच्या उड्या ठरवून घेतल्यात. तरी शून्य होत नाही धोका. हे जाणूनच दारात उभा राहतो.” मी त्याच्यावर शास्त्राचा मारा केला नाही. ज्याने स्वतःला फसवलेले नाही, त्याला उपदेश कमी लागतो. एवढेच म्हटले, “ज्या दिवशी भीती वाटणार नाही, त्या दिवशी विमानातूनच खाली ये. आणि एक काम कर. रविवारी उतरलास, छत्रीची घडी झाली, की आजीला फोन कर. आईला नाही, बायकोला नाही, आधी आजीला.”

आक्काला मी सांगितले, “उडी मला सोडवता आली नाही, आक्का. तुला रविवारची वाट पाहणं तेवढं सोपं करून दिलंय.” ती रागावली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ॲरिझोनाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे आहे. तिथली रविवारची संध्याकाळ ती आपली सोमवारची सकाळ. साडेसहाच्या सुमारास, आक्काची पूजा चालू असताना, फोन वाजतो. “आजी, उतरलो.” ती म्हणते, “बरं. जेवलास का?” आणि पुन्हा चंदन उगाळायला घेते. तिचा राग अजून गेलेला नाही, आणि माझी तो घालवण्याची खटपटही नाही. नातवाच्या डोक्यावर एक राग असावा, तो समोरच्या वाऱ्याचे काम करतो.

आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या उंचीवरून खाली येत आहोत. आपली घडी आपण घालावी, पाठ दुसऱ्याला दाखवावी, आणि छत्री उघडली असेल तर जमीन येईपर्यंत रुबाब करू नये. विठुराया सर्वांना अलगद टेकवो.

रामकृष्णहरी.